ट्रमाडॉल : तीच गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला का नाही?

रानजाई

आईच्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. घरी सोडताना दुखण्यासाठी ट्रमाडॉल ५० मिग्रॅ लिहून दिलं. पहिल्या गोळीपासूनच तिला मळमळ, गरगर आणि दिवसभर गुंगी. दुखणं मात्र खरंच उतरलं. मग मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन सुरू झालं, तर आता ती म्हणते की गोळीचा आधीसारखा गुण येत नाही.

दादाचं नेमकं उलट. मागे त्याचं मनगट मोडलं होतं तेव्हा त्यालाही हेच औषध होतं, मात्राही हीच. त्याला काडीचा फरक पडला नाही. रात्र रात्र हात उशीवर ठेवून बसून राहायचा. तसं सांगितल्यावर तपासणाऱ्यांनी "तुमची सहनशक्तीच कमी आहे" म्हणून बोळवण केली. हे मला अजून सलतं, कारण दादा कुरकुरणारा माणूस नाही.

आई आणि मुलगा, औषध एक, मात्रा एक. मग तिला इतकं जास्त आणि त्याला काहीच नाही, असं का? हे मॉर्फीनच्या कुळातलं, म्हणजे ओपिऑइड, औषध आहे म्हणतात. मग ते सगळ्यांवर सारखं का चालत नाही? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आईचा डोस बदलण्यासाठी विचारत नाहीये, ते तिचे डॉक्टर बघतील. मला कारण समजून घ्यायचं आहे.

ठाम

ओपिऑइड म्हणजे ओपिऑइड. आज गुडघ्यासाठी, उद्या झोपेसाठी, परवा उगीचच. आईंचं लवकरात लवकर बंद करून पॅरासिटामॉलवर आणा.

मुसाफिर

माझ्या माहितीत ट्रमाडॉल सौम्य असतं. खऱ्या ओपिऑइडमध्ये त्याची गणनाच नाही ना?

चाफा

@मुसाफिर, हा समज औषध दुकानात मला सतत ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे. सौम्य आहे म्हणून लोक दोनाच्या चार गोळ्या घेतात. ट्रमाडॉल ओपिऑइडच आहे. शिवाय त्याच्या अंगात आणखी दोन कामं आहेत जी मॉर्फीनमध्ये नाहीत, आणि त्यामुळे त्याचे स्वतःचे वेगळे धोके आहेत. मात्रा वाढवली की आकडी येऊ शकते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिग्रॅ, पंचाहत्तरीच्या पुढे ३००. ही मर्यादा उगाच घातलेली नाही.

रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा यकृतात सापडेल. रेणू लिहितीलच, त्यांचा तो विषय आहे.

रेणू

चाफाताईंनी नाव घेतलंच आहे, तर बसून लिहिते. थोडं लांबेल.

आधी ओपिऑइड काम कसं करतात ते. आपल्या चेतापेशींवर म्यू नावाचे ग्राही, म्हणजे ठरावीक रसायनं येऊन बसण्याच्या जागा, असतात. शरीर स्वतःची वेदनाशामकं बनवतं, एंडॉर्फिन आणि एन्केफॅलिन, त्यांच्यासाठी हे ग्राही आहेत. १९७३ साली बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि उप्साला इथल्या तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की मेंदूत ओपिऑइड बसण्याच्या नेमक्या जागा आहेत. बाल्टिमोरचं काम कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांचं. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, अॅबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन शोधलं. म्हणजे कुलूप आधी मिळालं आणि शरीराची स्वतःची किल्ली नंतर.

म्यू ग्राहीवर रेणू बसला की पेशीच्या आत जी-प्रथिन जागं होतं आणि दोन गोष्टी घडतात. चेतातंतूच्या टोकाकडचे कॅल्शियमचे मार्ग बंद होतात, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायनं बाहेर पडत नाहीत. पलीकडच्या पेशीत पोटॅशियमचे मार्ग उघडतात, त्यामुळे ती पेशी शांत होते आणि सहज पेटत नाही. मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे गुडघ्याकडून आलेला निरोप मेंदूकडे जाणाऱ्या पेशीला दिला जातो, तिथे हे दोन्ही एकदम होतं.

आता ट्रमाडॉल. गोळीतला मूळ रेणू म्यू ग्राहीवर अगदीच ढिला बसतो. त्याचं रूपांतर यकृतात होतं. सीवायपी-२डी६ नावाचं विकर (एन्झाइम) त्यातला एक मिथाइल गट काढून घेतं आणि ओ-डेसमिथाइलट्रमाडॉल तयार होतं. त्याला थोडक्यात एम-१ म्हणतात. हे एम-१ म्यू ग्राहीला मूळ रेणूपेक्षा सुमारे २०० पट घट्ट धरतं. ओपिऑइड म्हणून जो काही गुण येतो तो मुख्यतः एम-१ चा.

म्हणजे गोळीवर ५० मिग्रॅ लिहिलेलं असलं तरी त्यातलं किती एम-१ होणार हे गोळी ठरवत नाही, ते तुमचं विकर ठरवतं. आणि हे विकर माणसामाणसात कमालीचं वेगळं असतं. त्याचं जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. काहींच्यात दोन्ही प्रती निकामी असतात, म्हणजे विकर चालतच नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास आहे. काहींच्यात उलट, चांगल्या प्रतीच दोनापेक्षा जास्त असतात. त्यांच्यात एम-१ झपाट्याने आणि जास्त बनतं. इथिओपियाच्या लोकसंख्येत अशा अतिजलद लोकांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्याही वर आढळलं आहे, उत्तर युरोपात ते एक-दोन टक्केच.

मुलाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. त्यामुळे आई आणि मुलगा या बाबतीत वेगळे निघण्यात काहीच नवल नाही.

रानजाई

रेणू, मनापासून आभार. म्हणजे दादाच्या शरीरात औषध तयारच झालं नसेल, असं असू शकतं? हे वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा घरातल्यांनीही त्याला थोडं बोलून घेतलं होतं.

भूलतज्ज्ञ

रेणू यांचं विवेचन उत्तम. त्यात एक भर घालतो, कारण 'विकर नाही म्हणून गुण शून्य' इतकं ते सरळ नाही.

ट्रमाडॉल हे दोन रेणूंचं मिश्रण आहे. आरशातल्या प्रतिबिंबासारखे एकमेकांचे उजवे-डावे. उजवा रेणू सिरोटोनिनचं पुनर्शोषण अडवतो, डावा नॉरअॅड्रेनलिनचं. ही दोन्ही चेतापेशींची निरोप नेणारी रसायनं, आणि पुनर्शोषण म्हणजे पेशीने ती परत आत ओढून घेणं. मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूकडे खाली येणारे काही चेतामार्ग असतात, जे वरून वेदना दाबतात. ते हीच दोन रसायनं वापरतात. ती जास्त वेळ टिकली की वेदनेवरचा हा दाब वाढतो. हे काम मूळ रेणूच करतो, त्यासाठी सीवायपी-२डी६ लागत नाही. म्हणून विकर नसलेल्या माणसालाही थोडा गुण यायला हवा, विशेषतः मज्जातंतूंच्या जळजळत्या दुखण्यात. ताज्या फ्रॅक्चरला मात्र तेवढ्याने भागत नाही.

हे औषध ग्रुनेन्थाल या जर्मन कंपनीत १९६२ मध्ये बनलं आणि १९७७ पासून पश्चिम जर्मनीत विकलं जाऊ लागलं. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्यावर नियंत्रित औषधाचा शिक्काही नव्हता, तो लागला २०१४ मध्ये. 'सौम्य आहे' हा समज याच मधल्या काळातला.

आता आईंच्या मळमळीबद्दल. ऑन्डान्सेट्रॉन सिरोटोनिनचा ५-एचटी-३ हा ग्राही अडवतं, म्हणून उलटी थांबते. पण ट्रमाडॉलचा काही गुण मज्जारज्जूत याच ग्राहीच्या मार्गाने येतो. दोन्ही एकत्र दिली की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना ट्रमाडॉल जास्त लागतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. आईंची तक्रार शंभर टक्के खरी असू शकते. त्यांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, मळमळीवर दुसऱ्या गटातलं काही देता येईल का.

पाठमोरा

कमरेच्या दुखण्यासाठी मी ट्रमाडॉल बराच काळ घेतलं आहे, तेव्हा माझा अनुभव.

गुण आला, नाकारत नाही. बूट घालायला खाली वाकता येऊ लागलं, हे माझ्यासाठी खूप होतं. त्रास झाला तो बंद करताना. मणक्याचं दुखणं थांबलं म्हणून एका दिवसात गोळी सोडली. दुसऱ्या दिवशी घाम, जांभया, नाकातून पाणी, पायांची चुळबुळ. एवढं होईल हे वाचलेलं होतं. वाचलेलं नव्हतं ते पुढचं: कारण नसताना छातीत धडधड, कसली तरी भीती, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकून गेल्यासारखा झटका. मला वाटलं मेंदूलाच काही झालं.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी नीट समजावलं. पहिला भाग ओपिऑइड सुटल्याचा, दुसरा भाग सिरोटोनिनच्या गोळ्या एकदम सोडल्यावर होतो तसा. ट्रमाडॉलला दोन्ही बाजू आहेत, म्हणून सोडतानाही दोन्हीकडून त्रास. मग परत सुरू करून, हळूहळू मात्रा कमी करत सोडलं तेव्हा जवळपास काहीच जाणवलं नाही.

ठाम

बघा, मी हेच म्हणत होतो. व्यसन लागलंच की.

शुश्रूषा

@ठाम, नाही. आणि या एका मुद्द्यावर मी आग्रहाने बोलणार आहे, कारण मी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करते आणि या गोंधळाची किंमत ते चुकवतात.

पाठमोरा यांना जे झालं ते शारीरिक अवलंबित्व. औषध रोज मिळत राहिलं की पेशी स्वतःला त्याप्रमाणे जुळवून घेतात. औषध अचानक गेलं की त्या उलट्या दिशेला उसळतात. हे नियमित घेणाऱ्या जवळपास कोणालाही होऊ शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा स्टेरॉइड अचानक सोडली तरी शरीर असंच बंड करतं, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे औषधाची ओढ, नुकसान दिसत असूनही न थांबणं, त्यासाठी बाकीचं आयुष्य बाजूला पडणं. पाठमोरा यांनी दुखणं थांबल्यावर गोळी आपणहून सोडली. ओढ असलेला माणूस असं करतो का?

व्यसनाचा धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. ज्याला पूर्वी दारूची किंवा इतर कसली सवय होती त्याच्यात जास्त. पण "सवय लागेल" या भीतीने मरणाच्या दारातल्या माणसाला तळमळत ठेवलेलं मी पाहिलं आहे. एका आजोबांचा मुलगा मॉर्फीनला नको नको म्हणत होता. शेवटी तयार झाला. त्या संध्याकाळी आजोबांनी स्वतः कूस बदलली आणि नातवाला जवळ बोलावून त्याचं दप्तर उघडायला लावलं, आत काय काय आहे बघायला. त्याआधी ते कोणाला हात लावू देत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली ती याच भीतीतून वाट काढण्यासाठी. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग कोडीन किंवा ट्रमाडॉलसारखी सौम्य मानलेली ओपिऑइड, मग मॉर्फीन.

ठाम

हा फरक मला कोणी इतका स्पष्ट सांगितला नव्हता. पटलं. तरी अल्पकाळासाठी, कमीत कमी मात्रेत द्यावं हे माझं म्हणणं कायम.

शुश्रूषा

ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तिथे मीही तेच सांगते.

कुतूहल

थोडं अवांतर. २०१३ मध्ये एक बातमी आली होती की ट्रमाडॉल एका आफ्रिकन झाडाच्या मुळांच्या सालीत नैसर्गिकरीत्या सापडलं, कॅमेरूनमध्ये. प्रयोगशाळेत बनलेलं औषध आधीपासून निसर्गात होतं! त्याचं पुढे काय झालं?

रेणू

झाड खरं आहे, नॉक्लिया लॅटिफोलिया. तिथले लोक ते वेदनेवर वापरतातही. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्याच, जर्मनीतल्या एका गटाने त्याच भागात तपासलं. त्यांना ट्रमाडॉल मातीत आणि पाण्यातही मिळालं, आणि त्यासोबत शरीरात गेल्यावरच बनणारे त्याचे अवशेषही. त्या भागातले शेतकरी स्वतः ट्रमाडॉल घेत होते आणि उन्हातान्हात राबणाऱ्या गुराढोरांनाही देत होते. ते लघवीतून जमिनीत आणि तिथून मुळांत गेलं, असा त्या गटाचा निष्कर्ष. पहिल्या गटाला तो मान्य नव्हता. मला स्वतःला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण यकृतात बनणारा अवशेष मातीत यायला आधी एखादं यकृत लागतं.

कुतूहल

बापरे! म्हणजे झाडानेच गोळी घेतली होती.

मुसाफिर

एक प्रश्न. मॉर्फीनचा चांगला भाग ठेवून वाईट भाग का काढून टाकता येत नाही? इतकी वर्षं झाली.

भूलतज्ज्ञ

कारण चांगलं आणि वाईट एकाच ग्राहीतून येतं. १९९६ मध्ये म्यू ग्राहीचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना मॉर्फीन दिलं तर वेदना कमी झाली नाही, आणि त्याची ओढ किंवा अवलंबित्वही आलं नाही. सगळं एकत्रच गेलं. हाच ग्राही मज्जारज्जूत वेदना दाबतो, मेंदूच्या तळाशी श्वासाचा ताल मंद करतो आणि आतड्याच्या भिंतीत हालचाल थांबवतो.

श्वासाबद्दल स्पष्टच लिहितो. ओपिऑइडमुळे मृत्यू होतो तो बहुतेक वेळा श्वास मंदावत मंदावत थांबल्याने. ट्रमाडॉलमध्ये हा धोका मॉर्फीनपेक्षा कमी असला तरी आहेच, आणि दारू किंवा डायझेपाम-अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांसोबत तो खूप वाढतो. मूत्रपिंड अधू असेल तरी वाढतो, कारण ट्रमाडॉल आणि एम-१ दोन्ही शेवटी मूत्रपिंडातूनच जातात. अशा रुग्णांत दोन गोळ्यांमधलं अंतर १२ तासांपर्यंत वाढवावं लागतं. आणि ज्यांचं सीवायपी-२डी६ अतिजलद आहे त्यांना नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रमाडॉल देऊच नये असं ठरवलं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर तर अठराच्या आत कोणालाच नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांनाही ते टाळायला सांगितलं. कोडीनचंही तेच. त्याचं मॉर्फीन करणारं विकरही हेच.

श्वास मंदावल्यावर नॅलोक्सोन देतात. ते म्यू ग्राहीवरून ओपिऑइडला हुसकावून लावतं. पण ट्रमाडॉलचा जो भाग सिरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिनमधून चालतो त्याला ते हात लावू शकत नाही, त्यामुळे उतारा अर्धवटच पडतो. आकडीची शक्यता राहतेच. घरात कोणी जास्त गोळ्या घेतल्या तर थेट रुग्णालय, वाट पाहू नये.

चाफा

आतड्याचा विषय निघाला आहे तर तो पुरा करते, कारण रुग्ण लाजेने सांगत नाहीत. मळमळ आणि गुंगी यांना शरीर काही दिवसांत सरावतं. बद्धकोष्ठतेला सरावत नाही. गोळी जोवर चालू तोवर ती राहते. नुसता भुसा-इसबगोल वाढवून उपयोग होत नाही. आतडं हलतच नसेल तर आत गोळा मात्र मोठा होतो. आतड्याला चालना देणारं, सेना किंवा बिसाकोडिल यासारखं, डॉक्टरांना विचारून ओपिऑइडसोबतच सुरू करावं. सांधेरोपण झालेल्या बाईला कुंथायला लावणं यासारखा दुसरा छळ नाही.

आणखी दोन गोष्टी. 'एसआर' लिहिलेली लांब चालणारी गोळी कधीही फोडून किंवा कुटून देऊ नका, बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. आणि साधी गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी वर जायला दोनेक तास लागतात, एम-१ ची त्याहून थोडा जास्त वेळ. तासाभरात गुण आला नाही म्हणून दुसरी घेणारे लोक नेमके तिथे फसतात.

रानजाई, एक विचारायचं राहून गेलं. दादा तेव्हा दुसरं कुठलं औषध घेत होता का? कसलंही.

रानजाई

हो. त्याला नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन चालू होतं, अजूनही आहे. मनगट मोडलं तेव्हा कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. कोणी विचारलं नाही आणि त्याने आपणहून सांगितलं नाही. यावर बोलायला त्याला अवघड जातं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

रेणू

संबंध आहे, आणि थेट आहे. पॅरोक्सेटिन हे सीवायपी-२डी६ ला सगळ्यात जोरदार अडवणाऱ्या औषधांपैकी एक. फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑनही तसंच करतात. दादाची जनुकं अगदी उत्तम असतील तरी पॅरोक्सेटिन चालू असताना त्याचं विकर बंद पडल्यासारखं होतं. एम-१ फार थोडं बनतं. त्याच्याबाबतीत जनुकतपासणीची गरजही वाटत नाही, औषधांच्या यादीतच उत्तर आहे.

भूलतज्ज्ञ

आणि रानजाई, यात गुण न येण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. एम-१ बनत नाही तेव्हा मूळ रेणू रक्तात जास्त साठतो, आणि मूळ रेणू सिरोटोनिन वाढवतो. पॅरोक्सेटिनही सिरोटोनिनच वाढवतं. दोन्ही मिळून सिरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो: अस्वस्थपणा, घाम, ताप, हातपाय थरथरणं, स्नायू झटके देणं. आकडीचा धोकाही वाढतो. "गुण येत नाही, मात्रा वाढवा" असं त्या वेळी कोणी केलं असतं तर वेदना कमी न होता फक्त धोका वाढला असता.

दादाला तेव्हा जे ऐकावं लागलं त्याबद्दल वाईट वाटतं. वेदना कमी होत नाही असं रुग्ण सांगतो तेव्हा आधी औषधांची यादी बघायची असते, सहनशक्ती नाही. पुढे कधी गरज पडली तर यादीत पॅरोक्सेटिन ठळक लिहा आणि ट्रमाडॉल-कोडीन नको हेही लिहा. आणि पॅरोक्सेटिन मात्र त्याने या कारणासाठी स्वतःहून मुळीच बंद करू नये.

मुसाफिर

मग अशा माणसाला वेदनेसाठी द्यायचं काय?

भूलतज्ज्ञ

फ्रॅक्चर असेल तर पॅरासिटामॉल नियमित वेळेवर, पोट आणि मूत्रपिंड ठीक असेल तर आयबुप्रोफेनच्या गटातलं एखादं, आणि मुख्य म्हणजे हाड नीट बसवून बांधणं. मज्जातंतू बधिर करण्याचं इंजेक्शन हाही चांगला मार्ग आहे. ओपिऑइड लागलंच तर मॉर्फीनला सीवायपी-२डी६ लागत नाही, ते स्वतःच क्रियाशील आहे. त्याची विल्हेवाट ग्लुकुरोनिक आम्ल जोडून लागते, तो वेगळा मार्ग. टॅपेंटाडॉल हे ओपिऑइडही तसंच, रूपांतराविना चालतं. सिरोटोनिनवर त्याचा परिणाम बराच कमी. पण सिरोटोनिनच्या गोळ्यांसोबत त्यालाही सावधगिरीची सूचना आहेच. निवड त्या त्या रुग्णाला पाहूनच.

पाठमोरा

दादांना माझा नमस्कार सांगा. दुखतंय यावर कोणी विश्वास न ठेवणं हे दुखण्याइतकंच दुखतं.

चाफा

रानजाई, आता आईंकडे परत. वय किती सांगू नका, पण साठीच्या पुढच्या असतील तर एक लक्षात ठेवा. ट्रमाडॉलमुळे रक्तातलं सोडियम उतरू शकतं, वयस्कर बायकांत जास्त. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखी. त्याची लक्षणं कोणती? मळमळ, गुंगी, गोंधळलेपण, तोल जाणं. म्हणजे ओपिऑइडच्या दुष्परिणामांसारखीच दिसतात आणि तिथेच ती निसटतात. रक्तातली साखर उतरण्याच्याही नोंदी आहेत. मधुमेह असेल तर विचारून घ्या.

रानजाई

आईला रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली, म्हणजे लघवी वाढवणारीच, गोळी आहे! आजच फोन करते.

चाफा

करा. फोनवर सगळ्या गोळ्यांची नावं वाचून दाखवा, डोळ्यांचे थेंब आणि मलमंसुद्धा.

रानजाई

कालचा वृत्तांत लिहिते. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं. सोडियम तपासलं, थोडं खाली आहे, काळजीचं नाही पण लक्ष ठेवायचं आहे. रक्तदाबाची गोळी बदलली. ऑन्डान्सेट्रॉन बंद करून मळमळीवर दुसरं दिलं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना, आणि ट्रमाडॉल फक्त व्यायामाच्या आधी, तेही थोडेच दिवस. बद्धकोष्ठतेसाठी सेना सुरू केलं. आई सकाळी वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेली आणि डुलकी न घेता वर्तमानपत्र पूर्ण वाचलं.

दादाने हा धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्याच्या पाकिटात आता एक कागद आहे, पॅरोक्सेटिनचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याला एकच शंका आहे: पुढे कधी डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन बंद केलं, तर ट्रमाडॉल लगेच चालू लागेल का?

रेणू

लगेच नाही. पॅरोक्सेटिन या विकराला नुसतं अडवत नाही, निकामी करून टाकतं, त्यामुळे यकृताला ते नव्याने बनवावं लागतं आणि त्यात काही दिवस जातात. फ्लुओक्सेटिन असतं तर आणखी कितीतरी लांबलं असतं. त्याचं शरीरातलं रूप आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. तेव्हा बंद केल्याची तारीखही कागदावर लिहून ठेवायला सांगा.